टिक्

किल्ली फिरवली की एकच, टिक्.
पडक्या दाढेवर जीभ आपटावी तसं.
पुढे काही नाही.

मुर्ताझ फोनवर म्हणाला, पोलंडहून,
मागे त्याच्या ट्रकचं इंजिन मजेत गुरगुरत होतं,
"स्टार्टर गेला, ताई. नवा घाल."
लांबून निदान करणं सोपं असतं.
आईच्या वेळीही म्हणाला होता,
"पित्त असेल."

तीन आठवडे मी नीवा उतारावर लावली,
नाक खाली, चाकाखाली वीट.
सकाळी वीट काढायची, आत उडी मारायची,
दुसऱ्या गियरवर क्लच सोडायचा.
चियातुरात सपाट जागा दोनच, बाजार आणि स्टेशन.
दोन्हीकडे जाणं मी सोडलं.

मग पेन्शनमधले एकशे ऐंशी लारी
ओत्याच्या काउंटरवर मोजले.
"बसवणार कोण?"
"मी."
पावती लिहून होईपर्यंत
त्याची भुवई काही खाली आली नाही.

एकोणीस वर्षं रोपवेची मोटर चालवलीये मी.
खाणीतली माणसं वर, खाणीतली माणसं खाली.
पाळणा दरीच्या मधोमध असताना
मोटरचा श्वास बदलला
तर आतल्यांच्या आधी मला कळायचं.
स्टार्टर म्हणजे काय, तिचंच शेंडेफळ.

आधी बॅटरीची मायनस सोडवली.
एक्झॉस्टच्या खाली, तेरा नंबरचे तीन बोल्ट.
दोन मुकाट आले.
तिसरा बोटांना सापडायचा, डोळ्यांना नाही.
त्याला रॉकेल पाजलं, अर्धा तास थांबले,
आधी लाडीगोडी, मग शिव्या,
वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.
सुटला, तेव्हा माझ्या कोपराचं सालही सुटलं.
जुना स्टार्टर छातीवर उतरला,
तेलकट, झोपलेल्या मांजराएवढा जड.

नवा चढवला. नट कसले.
शेजारच्या बेसिकोला किल्लीपाशी बसवलं.
"फिरव."
टिक्.

"त्सियाला मावशी, हा तर तोच आवाज!"
बाराव्या वर्षी माणूस फार खरं बोलतो.

मी जमिनीवरच बसून राहिले.
दिवे लख्ख. हॉर्न असा की कुत्री उठली.
बॅटरी बारा पॉइंट सहा, म्हणजे ठणठणीत.
ताकद आहे, मोटर नवी आहे,
मग मधल्या मध्ये कोण अडवतंय?

काळी जम्पर केबल घेतली,
एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
"फिरव."
आणि नीवा अशी उठली
की बेसिकोचं डोकं छताला लागलं.

म्हणजे अर्थिंग.
इंजिनपासून बॉडीकडे जाणारी ती चपटी, विणलेली पट्टी,
जिच्याकडे कुणी बघत नाही.
तिचा बोल्ट काढला.
खाली हिरवा रंग. दोन हात, गुळगुळीत.
रंगाच्या कडेने आत सरकलेला गंज.

जायच्या आधल्या ईस्टरला
मुर्ताझने चार दिवस खपून गाडी रंगवली होती,
बॉनेटच्या आतसुद्धा, जिथे कुणी पाहणार नाही तिथेही.
"मी नसेन, गाडी तरी नवी दिसू दे."
पट्टी काढून, खाली रंग देऊन,
परत नीट कसून बसवली होती त्याने.

पॉलिश पेपरने घासलं.
हिरवा गेला, तांबूस गेला, मग चमकदार राखाडी.
नखाएवढी जागा.
तेवढीच लागते.

बेसिको गेल्यावर जुना स्टार्टर
बुटाखाली दाबला, केबल लावल्या.
तो उसळला, दात बाहेर काढून गरगरला.
बिचाऱ्याला काहीही झालं नव्हतं.

रात्री फोन आला. "झालं? स्टार्टरच होता ना?"
मागे ट्रक बंद होता, प्रथमच शांत.
"हो," मी म्हटलं, "स्टार्टरच."

आता बाजारात गाडी सपाटावर लावते.
वीट मात्र अजून डिकीत आहे.